बुधवारचं पातेलं: ऋतू, शेजार आणि जिवाला बरं वाटणारं जेवण

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. नव्या घरी येऊन तुम्हाला चार महिने झाले. घरात तुम्ही दोघं, दोघंही नोकरीला, आणि ६ वर्षांची मुलगी. समोरच्या दारात सत्तरी ओलांडलेल्या आजी एकट्या राहतात. मध्यंतरी त्या आठवडाभर आजारी होत्या आणि तुम्हाला ते त्या बऱ्या झाल्यावर कळलं, हे तुमच्या मनाला लागून राहिलंय. त्यांना काही करून द्यायचं तर काय द्यावं, त्यांना ते उपकारासारखं तर वाटणार नाही ना, आणि घरचाच स्वयंपाक ओढूनताणून होत असताना हे जमवायचं कसं, असं तुम्ही विचारताय. ऋतू बदलला की काय करावं तेच सुचत नाही, हेही तुम्ही लिहिलंय.

मी ३५ वर्षं स्वयंपाक करतेय. त्यातली १८ वर्षं एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात गेली, रोज ६० माणसांचं जेवण. त्या अनुभवावरून सांगते, तुमच्या सगळ्या प्रश्नांना माझ्याकडे एकच उत्तर आहे. आठवड्यातला एक वार धरा, त्या दिवशी घरातलं सगळ्यात मोठं पातेलं चढवा आणि त्यात दोन माणसांचं जास्त शिजवा. वार कायम ठेवा, पातेलंही तेच ठेवा. ऋतूप्रमाणे फक्त आत काय शिजतं ते बदलू द्या.

ठरलेपणावर माझा एवढा भर का, ते सांगते. वृद्धाश्रमात पहिल्या वर्षी मी हौसेने दर आठवड्याला काहीतरी नवीन करायचे. कौतुक व्हायचं, पण ताटं अर्धी परत यायची. मग एकदा हाताखालच्या दोघी एकाच वेळी रजेवर गेल्या. नाइलाजाने मी बुधवारी एकच मोठं पातेलं लावायला सुरुवात केली: दाटसर सूप आणि सोबत पाव किंवा मऊ भात. तीन-चार बुधवार गेले असतील. एक आजोबा सकाळी नऊलाच स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "आज बुधवार ना?" त्यांना दुसरं काही विचारायचं नव्हतं. त्या दिवसापासून बुधवारची ताटं रिकामी परत यायला लागली. ज्यांच्या आयुष्यात बरंच काही हातातून निसटून गेलेलं असतं, त्यांना आज काय मिळणार हे आधीच माहीत असण्यातच निम्मा आधार असतो. लहान मुलांचंही तसंच, आणि संध्याकाळी दमून दार उघडणाऱ्या तुमच्यासारख्यांचंही.

उपकाराचा प्रश्नही या ठरलेपणामुळे बराच हलका होतो. "तुमच्यासाठी खास करून आणलंय" असं म्हटलं की समोरच्यावर परतफेडीचं ओझं पडतं. "आमच्याकडे बुधवारी मोठं पातेलं असतं, त्यातलं आणलंय" असं म्हटलं की त्या तुमच्या घरच्या एका चालू गोष्टीत सामील होतात. पहिल्या खेपेला एवढंच म्हणा आणि दारातूनच परत या. आत बोलावलं तर जा, पण बसायच्या तयारीने जाऊ नका. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला त्यांच्याकडून काहीतरी येईल: चार लिंबं, वर्तमानपत्रातलं कात्रण, मुलीसाठी एखादं फुलपाखरू काढलेला कागद. ते मनापासून घ्या. "अहो कशाला" म्हणू नका. देणाऱ्याला देऊ देणं हे शेजारधर्मातलं अवघड काम आहे आणि ते तुम्हालाच करायचंय.

आता एक गोष्ट सविस्तर सांगते, कारण ती मी फार उशिरा शिकले. माझ्या खालच्या मजल्यावर एक गृहस्थ राहायचे. पत्नी गेल्यावर ते एकटे पडले. मी त्यांना दर आठवड्याला काचेच्या बरणीतून सूप द्यायला लागले. भेटले की ते "छान होतं" म्हणायचे. दोन-अडीच महिन्यांनी त्यांचा फ्रिज बंद पडला, म्हणून आतलं सामान काढायला मी मदतीला गेले. मागच्या बाजूला माझ्या तीन बरण्या होत्या, काठोकाठ भरलेल्या. झाकणंही उघडलेली नव्हती. त्यांची बोटं संधिवाताने वाकलेली होती, फिरकीचं झाकण त्यांना पेलत नव्हतं, आणि तसं सांगायचा त्यांना संकोच वाटत होता. मी सूप गरम असतानाच भरून झाकण घट्ट लावायचे. निवताना आतली वाफ आकसते, आत पोकळी तयार होते आणि झाकण बाहेरच्या हवेच्या दाबाने आणखी आवळलं जातं. त्यातली एक बरणी मला स्वतःलाही फडक्यात धरून, दोनदा जोर लावल्यावर उघडली. त्या दिवशी त्यांच्यासमोर मला काय बोलावं सुचलं नाही.

तेव्हापासून मी रुंद तोंडाचा, दाबून बसणारं झाकण असलेला हलका डबा देते. झाकणाला एका कडेने बोट घालायला ओठ हवा. आणि तो त्यांच्या दारात मी स्वतः एकदा उघडून दाखवते, वास घ्यायला म्हणून. आजींचे हात कसे आहेत हे विचारायची गरज पडत नाही, ते तेवढ्यात दिसतं. डबा लहान ठेवा. एका माणसाला साधारण ३०० ते ३५० मिलिलिटर सूप पुरतं. मोठा डबा दिला की तो चार दिवस पुरवला जातो, आणि चौथ्या दिवशीचं सूप तुम्ही दिलेल्या सूपसारखं राहत नाही.

त्यांना काय आवडतं हे विचारण्याआधी काय चालत नाही ते विचारा. आवडीचं उत्तर संकोचाने "काहीही चालतं" असंच येतं. पथ्याचं उत्तर मात्र नेमकं येतं. रक्त पातळ ठेवायची वॉरफॅरिन ही गोळी चालू असेल तर पालेभाज्यांचं प्रमाण रोज साधारण सारखंच लागतं. त्यांतलं के जीवनसत्त्व गोळीच्या उलट काम करतं, त्यामुळे एकदम मोठा डबा हिरव्या भाजीचा नको. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर बटाटा, टोमॅटो, कडधान्यं यांतलं पोटॅशियम अडचणीचं ठरू शकतं, तेव्हा डॉक्टरांनी काय सांगितलंय ते त्यांच्याकडूनच ऐका. शेंगदाणे, तीळ, दूध, अंडं, गहू, सोया, मासे यांतलं काही बाधतं का, हे कुणालाही पहिल्यांदा डबा देताना विचाराच. कवळी असेल तर टोमॅटोच्या किंवा वांग्याच्या बिया तिच्याखाली अडकून टोचतात, तेव्हा सूप गाळा किंवा बिया आधीच काढा. भाजीचे तुकडे चमच्यात दोन मावतील एवढे करा. आणि तुमच्या मजल्यावर कुणाकडे तान्हं बाळ असेल तर १ वर्षाच्या आतल्या मुलाला मध घातलेलं काहीही द्यायचं नाही, थेंबभरही नाही.

वय वाढतं तसा वास मंदावतो, आणि वास मंदावला की जेवण बेचव लागतं. माणूस मग वरून मीठ घेतो. रक्तदाब असलेल्यांना तेच नको असतं. वृद्धाश्रमात मला मीठ कमी ठेवूनच चव आणावी लागायची, आणि ती मी तीन वाटांनी आणली: शेवटी पिळलेलं लिंबू, चांगला तांबूस परतलेला कांदा, आणि टोमॅटो किंवा मशरूम. टोमॅटो-मशरूममध्ये ग्लुटामेट, म्हणजे जेवणाला भरीव, रुचकर चव देणारा घटक, भरपूर असतो. किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १९०८ मध्ये समुद्री शेवाळाच्या काढ्यातून हे ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला उमामी हे नाव दिलं. आपल्यापुरतं एवढं पुरे की मूठभर मशरूम बारीक चिरून कांद्याबरोबर परतले की पातेल्यात मीठ कमी पडलंय हे कळत नाही. दुसरी गोष्ट तहानेची. म्हातारपणी तहान लागल्याची जाणीवच कमी होते, माणूस दिवसभर पुरेसं पाणी पीत नाही. पातळसर, कोमट जेवण पोटात गेलं की त्याबरोबर पाणीही जातं. माझ्या पातेल्यात बहुतेक वेळा सूप का, याचं हे खरं कारण.

थंडीच्या दिवसांत हे पातेलं सगळ्यात सोपं जातं. तासभर शेगडी चालू राहिली तरी घरात ती हवीशीच वाटते. कांदा घ्या, चांगले ४-५ मोठे. पातळ चिरून जाड बुडाच्या पातेल्यात थोड्या तेलावर मंद आचेवर ठेवा. पाकृतींमध्ये "१० मिनिटांत कांदा तपकिरी होतो" असं लिहिलेलं असतं, त्यावर विश्वास ठेवू नका. १० मिनिटांत तो मऊ आणि काचेसारखा होतो, एवढंच. गोड, गडद, मुरांब्यासारखा व्हायला ४० ते ५० मिनिटं लागतात. या वेळात तो तीनदा बुडाला चिकटायला येईल. दर वेळी दोन चमचे पाणी टाकून उलथन्याने बुडाचा तांबूस थर खरवडा आणि कांद्यात मिसळा. तो थर म्हणजेच चव. काळा पडू दिला तर मात्र कडू होतो, मग फेकण्यावाचून इलाज नाही. हा कांदा तुम्ही रविवारी दुप्पट करून ठेवलात तर बुधवारी अर्धं काम झालेलं असतं. फ्रिजमध्ये तो तीन-चार दिवस टिकतो.

त्यात भिजवलेली कडधान्यं, गाजर, कोबी, बटाटा. कडधान्यं भिजवताना पाण्यात मीठ घाला, लिटरला एक मोठा चमचा. मिठाने साल चिवट होतं असं अनेकजणी सांगतात. माझा अनुभव उलटा आहे, आणि त्याला कारणही आहे. मिठातलं सोडियम सालातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमची जागा घेतं, त्यामुळे साल मऊ पडतं आणि दाणा फुटत नाही. आडवं येतं ते आंबट. टोमॅटो, लिंबू, चिंच यांच्या आंबटपणाने भाजीला धरून ठेवणारं पेक्टिन घट्ट राहतं. दाणा बोटाने दाबला जाईपर्यंत टोमॅटो पातेल्यात घालूच नका. पुष्कळ घरांत दोन तास शिजवूनही कडधान्य कच्चट राहतं ते यामुळे.

लाल राजमा असेल तर एक सक्त नियम. कच्च्या राजम्यात लेक्टिन नावाचं एक बाधणारं प्रथिन असतं, त्याने जोराच्या उलट्या होतात, अगदी ४-५ कच्च्या दाण्यांनीसुद्धा. किमान ५ तास भिजवा, ते पाणी फेकून द्या आणि ताज्या पाण्यात कमीत कमी १० मिनिटं खळाखळा उकळू द्या. माझ्या हाताला अर्ध्या तासाची सवय आहे. नुसत्या मंद आचेवर ८० अंशांपर्यंत तापवलेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त बाधू शकतो, म्हणून स्लो कुकरमध्ये तो थेट कधी टाकू नका. प्रेशर कुकरमध्ये पाणी साधारण १२० अंशांपर्यंत जातं, तिथे ही चिंता उरत नाही.

थंडीतली माझी आवडती पद्धत गुंडाळून शिजवण्याची आहे. पातेलं काठोकाठ भरलेलं असावं, घट्ट झाकणाचं. उकळी आल्यावर १५ मिनिटं शिजू द्या, मग झाकण न उघडता जाड टॉवेल आणि रजईत गुंडाळून खोक्यात ठेवून द्या. डाळ, बटाटा, तांदूळ तीन तासांत आपोआप शिजतात. दोन्ही महायुद्धांच्या काळात युरोपात इंधन वाचवायला लोक गवत भरलेल्या पेट्यांत अशीच पातेली ठेवायचे. पाळायची गोष्ट एकच: उघडाल तेव्हा आतलं अन्न ६० अंशांच्या वर असलं पाहिजे, म्हणजे चमचा तोंडाजवळ नेताना भाजेल इतकं, आणि वाढण्याआधी त्याला पुन्हा उकळी द्यायची. स्वयंपाकघरात एक साधा थर्मामीटर घ्या. मी तो खूप उशिरा घेतला.

पावसाळ्यात पातेल्यापेक्षा कपाटाकडे जास्त लक्ष द्यावं लागतं. हवा दमट, त्यामुळे मीठ ओलं, मसाले गोळा, पिठात किडे. मसाल्याची बाटली उकळत्या पातेल्यावर धरून झटकायची सवय असेल तर ती आजच सोडा. वाफ आत जाते आणि आठवड्यात बुरशीचा वास येतो. मसाला आधी कोरड्या वाटीत काढा, मग पातेल्यात टाका. नवीन पीठ किंवा डाळ आणली की उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये चार दिवस ठेवा, अंडी-अळ्या मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर आतच पाणी सुटतं. पाव, जॅम, शिजलेलं अन्न यावर बुरशीचा एक ठिपका दिसला तरी सगळं टाका. वरचं खरवडून उपयोग नाही, मऊ पदार्थात तिचे धागे आत खोल गेलेले असतात.

या दिवसांत पालेभाजी चिखलाने भरलेली आणि लवकर सडणारी मिळते. मी त्या काळात भोपळा, डाळी, लसूण आणि गोठवलेले मटार यांवर भर देते. गोठवलेली भाजी कमअस्सल, असा एक समज आहे. ती तोडल्यावर थोड्याच वेळात गोठवलेली असते, आणि चार दिवस पिशवीत पडलेल्या ताज्या भाजीपेक्षा पोषणात बहुधा कमी नसते. भोपळ्याच्या फोडी आधी तव्यावर किंवा ओव्हनमध्ये कडांना डाग पडेपर्यंत भाजा, मग डाळीत शिजवा. दमट दिवसांत जिभेला असं भाजकं काहीतरी हवं असतं. चिरलेला लसूण तेलात घालून ओट्यावर साठवू नका. तेलाखाली हवा नसते, आणि बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जंतूला तेच हवं असतं. लागेल तेवढाच करा.

उन्हाळ्यात पातेलं तेच, फक्त वेळ बदला. सकाळी सहाला शिजवा, लगेच निववा, संध्याकाळी गारच वाढा. उकडलेली डाळ किंवा चवळी, काकडी, दही, पुदिना, उकडलेला बटाटा, अंडं. गार पदार्थाची चव गार असतानाच बघा. गोड आणि खारट गारव्यात फिके लागतात, म्हणून गरम असताना बरोबर वाटलेलं मीठ रात्री अळणी लागतं. टोमॅटो पिकेपर्यंत बाहेर ठेवा, १२ अंशांच्या खाली त्याचा सुवास जातो. पावही फ्रिजमध्ये ठेवला की बाहेरच्यापेक्षा लवकर शिळा होतो. उरला तर थेट फ्रीझरमध्ये टाका. आजींना या दिवसांत डबा नेताना सोबत पाण्याचा विषय काढत जा. "पाणी प्या" असं सांगण्यापेक्षा काकडी-दह्याचं सूप वाटीभर जास्त द्या.

आता ज्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते: निववणं. दुसऱ्याच्या घरी अन्न पाठवणाऱ्याने हे शिकल्याशिवाय पातेलं मोठं करू नये. लग्नानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात मी रात्रीचा भात मोठ्या पातेल्यात झाकून ओट्यावर ठेवला. सकाळी वास ठीक होता, चव ठीक होती. परतून सगळ्यांना वाढला. दुपारच्या आत घरातल्या तिघांना उलट्या सुरू झाल्या, सासऱ्यांना सलाइन लावावं लागलं. शिजवल्याने भातातले सगळे जंतू मरतात असं मी धरून चालले होते. बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू उकळत्या पाण्यातही टिकतात, कोमट भातात पुन्हा जिवंत होतात, आणि त्यांनी सोडलेलं विष नंतर कितीही गरम केलं तरी जात नाही. वासावरून ते कळतही नाही.

अन्नाला धोका असतो तो ५ ते ६० अंशांच्या मधल्या पट्ट्यात. अनुकूल उबेत जंतू साधारण २० मिनिटांत दुप्पट होतात. शिजलेलं अन्न या पट्ट्यात २ तासांहून जास्त राहू द्यायचं नाही, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर तासभरच. मोठं पातेलं ओट्यावर आपोआप निवेल असं वाटतं, पण ६ लिटरच्या पातेल्याचा मध्य रात्रभर कोमट राहतो. बाहेरून हात लावलात तर गार लागतो, म्हणून फसायला होतं.

मी काय करते ते सांगते. आच बंद केली की आधी आजींचा आणि आमचा त्या जेवणाचा भाग काढून घेते. उरलेलं लगेच पसरट भांड्यांत ओतते, उंची ५ सेंटीमीटरच्या आत. सिंकमध्ये गार पाणी भरून त्यात ती भांडी ठेवते, पाणी काठाच्या खाली दोन बोटं. पाणी कोमट झालं की बदलते, घरात बर्फ असेल तर टाकते. दर पाच मिनिटांनी पळीने तळापासून ढवळते. सुरुवातीला प्रत्येक ढवळण्याबरोबर वाफेचा लोट येतो. तिसऱ्या-चौथ्या खेपेला नुसती वाफेची रेघ येते, आणि मग काहीच येत नाही. २०-२५ मिनिटांत सूप बोटाला कोमट लागायला लागतं. तेव्हा ते झाकण किंचित तिरकं ठेवून फ्रिजमध्ये जातं आणि पूर्ण गार झाल्यावर झाकण बसतं. अन्न अगदी गार होईपर्यंत बाहेरच ठेवायचं, ही जुनी सवय विसरा. पसरट भांड्यातलं कोमट अन्न आजचा फ्रिज सहज पेलतो. भाताला तर हे सगळं दुप्पट लागू. तो ताटात पसरून निववा.

आजींना डबा जेवायच्या वेळेला, गरम असतानाच द्यायला जमलं तर सर्वांत उत्तम. नोकरीमुळे ते जमणार नसेल तर फ्रिजमधला पूर्ण गार डबा द्या आणि सांगा, आज किंवा उद्या संपवा, खाण्यापुरतंच काढा आणि बुडबुडे येईपर्यंत गरम करा. मोजायचं तर ७४ अंश. कोमट डबा मात्र कधीही देऊ नका. तो त्यांच्या ओट्यावर किती वेळ राहील ते तुम्हाला माहीत नसतं. त्यांच्याकडे गरम करायला काय आहे हेही एकदा बघून घ्या. मायक्रोवेव्ह असेल तर मधे एकदा ढवळायला सांगा, नाहीतर कड भाजते आणि मध्य गारच राहतो.

तुम्ही विचारलंय, त्या नको म्हणाल्या तर. म्हणू शकतात. काहींना दुसऱ्याच्या हातचं चालत नाही, काहींना दारात येणारं माणूसच नको असतं. एकदा "नको" ऐकलंत तर "बरं" म्हणून हसून परत या आणि पुढच्या बुधवारी डबा न नेता नुसतं "काय म्हणताय" विचारा. मी एका शेजारणीकडे जवळजवळ वर्षभर असंच नुसतं विचारत राहिले. मग एका संध्याकाळी तिनेच बेल वाजवली, हातात रिकामी वाटी होती, तिला ताप होता. वर्षभर दर बुधवारी दारात दोन शब्द झाले नसते तर ती आली नसती असं मला वाटतं. तुमची खरी चुटपुट त्या आजारी असल्याचं कळलं नाही याची आहे ना? ते कळण्याची वाट हीच आहे. बुधवारी बेल वाजवूनही दार उघडलं नाही, तर काहीतरी बिघडलंय हे तुम्हाला त्याच दिवशी कळेल. त्यांच्या मुलाचा किंवा मुलीचा फोन नंबर मागायलाही तेव्हा अवघड वाटणार नाही.

पहिल्या बुधवारी अवघड काही करू नका. डाळ, गाजर, कांदा, शेवटी लिंबू, बस. मुलीला बरोबर न्या, पण गरम डबा तिच्या हातात देऊ नका, बेल वाजवायचं काम तिचं. उरलेलं सूप निवल्यावर ४०० मिलिलिटरच्या पिशव्यांत भरून फ्रीझरमध्ये आडवं, सपाट ठेवा. ते पुस्तकांसारखं उभं लागतं, दोन-तीन महिने चांगलं राहतं, आणि तुमच्याच घरात कुणी आजारी पडलं की १० मिनिटांत जेवण होतं. प्रत्येक पिशवीवर आत काय आहे आणि तारीख लिहायला मुलीला सांगा. ६ वर्षांच्या अक्षराला जागा जास्त लागते, तेव्हा चिकटपट्टी जरा लांबच फाडा.